लिनक्स बसवाल, पण निस्तरणार कोण?

विंडोज १० चा पाठिंबा, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दिवाळी आठवड्यावर आली होती, घरोघरी माळे उतरवून साफसफाई चालली होती, आणि माझ्या फोनवर एकच प्रश्न फिरून फिरून येत होता: "तुझं ते लिनक्स टाकावं म्हणतोय. कुठलं टाकू?" लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, बहुतेक फुकट मिळणारी प्रणाली; ती वेगवेगळ्या तयार संचांत मिळते, त्या संचाला डिस्ट्रो म्हणतात. विचारणारे बहुतेक साठीच्या आसपासचे. त्यांची यंत्रं आठ-दहा वर्षांची, पण ठणठणीत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्यामुळे २०१७ च्या आधी घेतलेली सगळी यंत्रं काही न बिघडता भंगारात जमा झाली. घरगुती ग्राहकांना वर्षभराची मुदतवाढ मिळाली खरी, पण पुढच्या दिवाळीला तोच प्रश्न पुन्हा उभा राहणारच.

मी प्रत्येकाला उलटा प्रश्न विचारतो: "बिघडलं तर फोन कोणाला करणार?" लोकांना वाटतं, हा टाळतोय. पण घरचा संगणक असो की कपाटात ठेवलेला छोटा सर्व्हर, डिस्ट्रो ठरवताना मला याहून महत्त्वाचा प्रश्न दिसत नाही. देखणं कुठलं, हलकं कुठलं, नवं कुठलं, हे सगळं त्याच्या मागून.

चर्चा मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच टोकाला सुरू होते. २००१ मध्ये सुरू झालेल्या डिस्ट्रोवॉच नावाच्या संकेतस्थळावर डिस्ट्रोंची क्रमवारी लागते. तिथं कुठल्या डिस्ट्रोचं पान किती वेळा उघडलं गेलं, एवढंच ती सांगते. किती घरांत ती डिस्ट्रो चालते याच्याशी तिचा संबंध नाही, आणि ते लोकही तसा दावा करत नाहीत. तरी आपल्याकडची हौशी मंडळी ती पंचांगासारखी वाचतात. या आठवड्यात कोण वर, कोण खाली. मग एखादा भाचा सुट्टीला आला की मामाच्या लॅपटॉपवर यादीतलं वरचं काहीतरी टाकून जातो. भाचा परत बंगळुरूला. मामा आणि लॅपटॉप समोरासमोर.

मराठीत 'निवडणं' या शब्दाचे दोन अर्थ होतात. दुकानात साडी निवडतो तो एक, आणि ताटात तांदूळ घेऊन त्यातले खडे काढतो तो दुसरा. डिस्ट्रोच्या बाबतीत आपण पहिल्या अर्थात अडकून पडलो आहोत. खरं काम दुसऱ्या अर्थाचं आहे. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ साली सुरू केलेला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सगळीकडे तोच. ब्राउझर तोच, लिब्रे ऑफिस तेच, व्हीएलसी तेच. जगभरातून हजारो प्रकल्पांचा माल येतो. तो चाळायचा, पाखडायचा, एकमेकांशी जुळतो का ते बघायचं, पिशवीत भरून शिक्का मारायचा आणि पुढची काही वर्षं त्यात कीड लागली तर बदलून द्यायचा, हे डिस्ट्रोचं काम. म्हणजे आपण खरं तर वाणी ठरवत असतो. कोणाच्या दुकानातला तांदूळ न बघता शिजायला टाकता येईल, एवढाच प्रश्न.

हे किती अक्षरशः खरं आहे ते २९ मार्च २०२४ ला दिसलं. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला डेबियन ही डिस्ट्रो असलेल्या आपल्या चाचणी यंत्रावर एसएसएचनं, म्हणजे दुरून यंत्र वापरायच्या सोयीनं, आत शिरताना जवळजवळ अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. दुसऱ्या कोणी चहाचा घोट घेतला असता आणि सोडून दिलं असतं. हा गडी खोदत गेला, तेव्हा कळलं की एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साध्याशा साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा बसवलाय. ज्यानं बसवला त्यानं आधी दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून मूळ सांभाळणाऱ्याचा विश्वास कमावला होता. थकलेला एकटा माणूस, त्याला मदतीला आलेला गोड बोलणारा दुसरा. हे वाचताना मला कॉम्प्युटरपेक्षा भाऊबंदकीतल्या जमिनीचे दावे आठवले.

तो खडा पोचला कुठं? डेबियनच्या अस्थिर आणि चाचणी शाखांत, फेडोरा या डिस्ट्रोच्या रॉहाइड शाखेत आणि ४० व्या आवृत्तीच्या चाचणीच्या रूपात, ओपनसूसेच्या टम्बलवीडमध्ये. म्हणजे जिथं ताजा माल सर्वांत आधी उतरतो तिथं. डेबियनची स्थिर आवृत्ती, उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स यांच्यापर्यंत तो आलाच नाही. तिथं अजून जुनाच तांदूळ चालू होता. 'डेबियन म्हणजे शिळं' असं म्हणणाऱ्यांना त्या दिवशी शिळ्याची चव कळली असेल. अर्थात फ्रॉइंडनं तो पकडला तोही ताज्या शाखेवरच. ताजा माल आधी चाखून बघणारे कोणीतरी लागतातच. ते आपले मामा नसावेत आणि सोसायटीच्या हिशोबाचा सर्व्हरही नसावा, एवढंच माझं म्हणणं.

आणि वाण्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा असंही नाही. २००६ साली डेबियनमध्येच निवडणाऱ्याच्या हातून खडा ताटात पडला होता. ओपनएसएसएल या गुप्त संवादासाठी लागणाऱ्या साधनाच्या कोडमधल्या दोन ओळी तपासणीच्या साधनाला खटकत होत्या, म्हणून त्या काढून टाकल्या गेल्या. त्यांच्याबरोबर गुप्त किल्ल्या बनवताना लागणारी यादृच्छिकताही जवळजवळ सगळी गेली. जवळजवळ दोन वर्षं डेबियन आणि उबुंटूवर तयार झालेल्या किल्ल्या एका प्रकारच्या फक्त ३२,७६८ पैकीच असू शकत होत्या. एवढ्या तर कोणीही बसून करून बघेल. मे २००८ मध्ये हे उघडकीला आलं तेव्हा डेबियननं ते स्वतःच जाहीर केलं, कच्च्या किल्ल्यांची यादी प्रसिद्ध केली आणि त्या नाकारणारी व्यवस्था अपडेटमधून पाठवली. मी तेव्हापासून कुठल्याही डिस्ट्रोला एकच कसोटी लावतो. चूक सगळ्यांची होते. झाल्यावर ती लोकांसमोर कबूल होते का, आणि दुरुस्ती माझ्या यंत्रापर्यंत आपोआप पोचते का?

माझा स्वतःचा धडा फार छोटा आहे. काही वर्षांपूर्वी घरच्या सर्व्हरवर मी एक रोलिंग डिस्ट्रो ठेवली होती. रोलिंग म्हणजे आवृत्ती अशी नसतेच, रोज नवं येत राहतं. नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. तिनं अपडेट करण्याआधी सूचना वाचा म्हणून स्पष्ट लिहिलं होतं आणि मी वाचली नाही. गणपतीत सगळे घरी जमलेले, आत्तेभावाला जुने फोटो बघायचे होते, आणि सर्व्हर काळ्या पडद्यावर अडकून बसलेला. आरती चालू असताना मी आतल्या खोलीत पेनड्राइव्ह लावून बसलो होतो. आईनं दारातून एकदा बघितलं, काही बोलली नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यावर डेबियन आलं आणि तेव्हापासून तिथून हललेलं नाही.

तो सर्व्हर म्हणजे एक जुना लॅपटॉप आहे, स्क्रीनला तडा गेलेला. टीव्हीच्या मागच्या फळीवर झाकण मिटून ठेवलाय. झाकण मिटलं की झोपायचं नाही, एवढी एक ओळ सेटिंगच्या फाइलीत बदलावी लागते. लॅपटॉपच वापरावा याचं कारण गावाकडच्यांना सांगायला नको: वीज गेली की बॅटरी तासभर तरी धरून ठेवते, वेगळा यूपीएस लागत नाही. सुरक्षेचे अपडेट रात्री आपोआप बसतात. फोटो, कागदपत्रं आणि घराचे हिशोब त्यावर राहतात. दर रविवारी बाहेरच्या हार्डडिस्कवर त्यांची प्रत निघते. डेबियनची तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली, तिला तीन वर्षं पूर्ण पाठिंबा आहे आणि त्यापुढे दीर्घ मुदतीचा जून २०३० पर्यंत. म्हणजे मला या यंत्राकडे वर्षातून दोनदा बघितलं तरी चालतं. सर्व्हर हा प्रकार जितका कंटाळवाणा तितका चांगला.

धंद्याच्या सर्व्हरवाल्यांना हा धडा फार महागात मिळाला. रेड हॅट या कंपनीच्या पैसे घेऊन मिळणाऱ्या प्रणालीची फुकट आणि जवळजवळ हुबेहूब आवृत्ती म्हणजे सेंटओएस. होस्टिंग कंपन्यांपासून महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांपर्यंत तिचा राबता होता. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार असं धरून लोकांनी ती बसवली. ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की ती २०२१ च्या अखेरीस संपेल, पुढे फक्त सेंटओएस स्ट्रीम, म्हणजे रेड हॅटच्या पुढच्या आवृत्तीची आधीची पायरी. आठ वर्षांची मुदत एका निवेदनात गेली. ती पोकळी भरायला २०२१ मध्ये अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभे राहिले. जून २०२३ मध्ये रेड हॅटनं मूळ कोड सर्वांना मिळण्याची वाटही अरुंद केली. अल्मा आणि रॉकी त्यातूनही तरले आणि दोन्ही चांगले आहेत. ज्यांची सॉफ्टवेअर रेड हॅटच्याच कुळात चालतात त्यांनी ते जरूर घ्यावेत.

आता कंपनी म्हणजे खलनायक, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे तर नाहीच. मराठी अक्षरं लिनक्सवर नीट दिसायला लागली त्यात रेड हॅटनं खुल्या केलेल्या लोहित फाँटचा वाटा मोठा आहे, आणि त्या फाँटची निगा पुण्यातल्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षं राखली. पगार देणारं कोणी नसतं तर हे किती वर्षं रखडलं असतं कोणास ठाऊक. उबुंटूचंही तेच. ते काढणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीनं २००५ पासून काही वर्षं जगभर फुकट सीडी टपालानं पाठवल्या. माझ्याकडे त्यातली एक अजून आहे, कागदी पाकिटासकट. ज्या काळात आपल्याकडे सातशे एमबी उतरवायला रात्रभर लागायचे त्या काळात त्या पाकिटानं किती पोरं लिनक्सला लागली याची मोजदाद नाही. पण त्याच उबुंटूनं २०१२ मध्ये मेनूतल्या शोधात ॲमेझॉनच्या वस्तू दाखवायला सुरुवात केली आणि २०२१ मध्ये फायरफॉक्स ब्राउझर स्नॅप या आपल्याच पद्धतीच्या डब्यातून द्यायला सुरुवात केली, ज्याचं दुकान कॅनॉनिकलच्याच हातात. मालक असला की त्याचं मन बदलू शकतं. डेबियनला मालक नाही. तिथं दरवर्षी प्रमुख निवडणुकीनं ठरतो, १९९७ पासून एक लेखी सामाजिक करार आहे, आणि मोठे वाद मतदानानं मिटतात. वायफायसारख्या उपकरणांचे बंदिस्त फर्मवेअर, म्हणजे ती उपकरणं चालवणारे आतले प्रोग्राम, सीडीतच द्यावेत का यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं. २०२२ मध्ये मतदान झालं आणि २०२३ च्या बुकवर्म या आवृत्तीपासून ते आत आले. ग्रामसभेसारखा प्रकार, वेळखाऊ आणि कटकटीचा. पण रातोरात काही होत नाही. सर्व्हरसाठी मला तोच कटकटीपणा हवा असतो.

घरासाठी मी लिनक्स मिंट देतो. कारणं साधी. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू असतो, विंडोज ७ वापरलेल्या माणसाचा हात आपोआप तिथं जातो. पाया उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीचा, त्यामुळे मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. स्नॅप त्यांनी २०२० पासून आपणहून बाहेर ठेवलंय. टाइमशिफ्ट नावाचं साधन आहे, अपडेट फसलं तर कालच्या स्थितीत नेऊन ठेवतं. आणि घरात मिंट, सर्व्हरवर डेबियन असलं की दोन्हीकडे अवजारं तीच. एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे चालतं. फेडोरा मला स्वतःला आवडतं, पण त्याची एक आवृत्ती साधारण तेरा महिने टिकते. दरवर्षी पितृपक्षात कोणाच्या घरी जाऊन आवृत्ती बदलणार? आर्च या हौशींच्या रोलिंग डिस्ट्रोबद्दल तर बोलायलाच नको. ज्याला ते हवं असतं तो विचारत नाही, आधीच बसवून मोकळा झालेला असतो.

मामांच्या लॅपटॉपवर मिंट बसवलं त्या दिवशीची एक गोष्ट सांगतो. मामा निवृत्त मुख्याध्यापक, गेली दहा वर्षं गावाचा इतिहास लिहितायत. इंटरनेट लागलं, यूट्यूब लागलं, त्यांनी मान डोलावली. मग टायपिंग. मिंटमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून निवडता येतो, वेगळं काही उतरवावं लागत नाही. मामांनी दोन ओळी लिहिल्या आणि 'दऱ्या' या शब्दाशी थांबले. पडद्यावर 'दर्या' उमटत होता. "अरे, मी सह्याद्रीच्या दऱ्यांबद्दल लिहितोय, हा समुद्र कुठून आणला?" मी त्यांना दाखवलं: नुसता जे दाबला की साधा र, शिफ्ट धरून जे दाबला की ऱ. मग डी म्हणजे हलन्त, मग तिरकी रेघ म्हणजे य, मग ई म्हणजे काना. त्यांनी ते चार वेळा केलं. 'दऱ्या', 'सातऱ्याच्या', 'बिचाऱ्या', 'पुढाऱ्यांनी'. शेवटचा शब्द जरा जास्तच जोरात दाबला. त्या क्षणी लॅपटॉप त्यांचा झाला. कर्नल कितवा, डेस्कटॉप कुठला, हे त्यांनी आजवर विचारलेलं नाही.

कोणाला लिनक्स देऊ नये हेही सांगायला हवं, नाहीतर हा लेख म्हणजे प्रचार होईल. ज्याचं दुकान टॅलीवर चालतं त्याला नको. ज्या डीटीपीवाल्याकडे वीस वर्षांच्या लग्नपत्रिका श्रीलिपीत आणि कोरलमध्ये पडल्या आहेत त्याला नको. त्या फाइली युनिकोडमध्ये नाहीत आणि त्याला रात्री अकराला पत्रिका छापून द्यायची असते. आणि प्रिंटर आधी तपासा. आपल्याकडे घरोघरी, झेरॉक्सच्या दुकानात दिसणारा एक छोटा लेझर प्रिंटर आहे. एका शिक्षिकेच्या घरी त्याच्यापायी माझे दोन रविवार गेले, तिसऱ्या रविवारी मी गुपचूप विंडोज परत टाकून दिलं. यंत्र लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून आधी नुसतं चालू करून बघता येतं. काही न पुसता वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर सगळं तपासता येतं. अर्धा तास जातो. तेवढा अर्धा तास न देणाऱ्यानं दुसऱ्याच्या यंत्राला हात लावू नये.

हाच प्रश्न घराबाहेर नेला की तो सार्वजनिक होतो. शाळा, ग्रंथालयं, ग्रामपंचायती यांच्याकडचे संगणकही त्याच दिवाळीत म्हातारे ठरले. सरकारी पातळीवर आपल्याकडे उत्तर असतं ते म्हणजे स्वतःची डिस्ट्रो काढायची. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेनं २००७ मध्ये 'बॉस' (भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स) काढली, डेबियनच्या पायावर. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयासाठी 'माया' आली, उबुंटूच्या पायावर. बॉस वाईट होती असं नाही. पण तालुक्याच्या गावात ती अडली तर विचारायचं कोणाला, याचं उत्तर तिच्याबरोबर आलं नाही. एमएस-सीआयटीच्या वर्गात लाखो मुलामुलींनी विंडोज आणि ऑफिस शिकलं, त्यामुळे प्रत्येक गल्लीत विंडोज निस्तरणारा एक तरी सापडतो. नावात 'भारत' घातल्यानं ही फळी तयार होत नाही.

केरळनं हे वेगळ्या वाटेनं केलं. तिथल्या शाळांतही सरकारनं तयार करून घेतलेलंच लिनक्स आहे, आधी डेबियनच्या आणि आता उबुंटूच्या पायावर. पण त्यांनी आयटी ॲट स्कूल या प्रकल्पातून आधी शिक्षक तयार केले, मग पाठ्यपुस्तकं त्याच सॉफ्टवेअरवर लिहिली, परीक्षा त्यावर घेतल्या, शाळांमधल्या मुलांनाच दुरुस्तीला जुंपलं. डिस्ट्रो काय, उद्या दुसरी आली तरी त्यांचं अडणार नाही. डेबियनची जागतिक परिषद २०२३ मध्ये कोचीला भरली, ती काही नुसत्या नारळाच्या झाडांसाठी नाही. महाराष्ट्रानं आणखी एक डिस्ट्रो काढू नये अशी माझी नम्र विनंती आहे. त्या पैशात डेबियनमध्ये मराठीची पॅकेजं सांभाळणारी दहा माणसं पगारावर ठेवावीत. अभियांत्रिकीच्या प्रत्येक महाविद्यालयाला आजूबाजूच्या पाच शाळा नेमून द्याव्यात. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाच्या नावाखाली दरवर्षी उपस्थितीची तीच ती ॲप निघतात, त्यापेक्षा एका शाळेची संगणक खोली वर्षभर चालती ठेवली तर त्याला गुण द्यायला काय हरकत आहे?

तोवर आपल्यापुरतं मी एक करतो. ज्याच्याकडे लिनक्स बसवलं त्याच्या लॅपटॉपच्या पिशवीत एक पोस्टकार्डाएवढा कागद ठेवतो. त्यावर बसवल्याची तारीख, कुठली आवृत्ती, ती कधी संपते, बॅकअप कुठं आहे आणि दोन फोन नंबर. पहिला माझा. दुसरा त्याच गावातल्या कोणाचा तरी, आणि तो मिळाल्याशिवाय मी बसवत नाही. मामांच्या कागदावर दुसरा नंबर शेजारच्या अकरावीतल्या मुलीचा आहे. प्रिंटर तिनंच लावून दिला, मला कळलंही नाही. मामांनी तो नंबर पेन्सिलीनं लिहिलाय, कारण बारावी झाली की ती पुण्याला जाणार आहे. तिचा धाकटा भाऊ सध्या आठवीत आहे.